छर्रा चेपला की नेम चुकला! एअरगनचे छर्रे वापरण्याआधी घरीच अशी करा तपासणी

होटगी (ता. दक्षिण सोलापूर) : संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरली की गावाकडची पोरं फुगे फोडायच्या स्टॉलवर हमखास थांबतात. पाच छर्रे मारायचे, एखादाच फुगा फुटायचा. मग कोणी म्हणतं बंदूक वाकडी, कोणी म्हणतं हात हलला. छर्रा कसा होता, हे मात्र कोणी बघत नाही.

यात्रेतली गोष्ट हसण्यावारी जाते. पण राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवलं आणि नेमबाजी गावागावांत पोचली. त्याचा प्रकार काडतुसाच्या रायफलचा. नवीन मुलांची सुरुवात मात्र बहुतेक वेळा 10 मीटर एअर रायफल किंवा एअर पिस्तूलने होते. अशा वेळी छर्रे खराब असतील तर चांगल्या पोराला वाटतं, ‘आपल्याला जमत नाही’, आणि ते खेळ सोडून देतं. म्हणून ही माहिती.

छर्ऱ्याची रचना कशी असते?

स्पर्धेचा छर्रा 4.5 मिलिमीटरचा, साधारण अर्धा ग्रॅम वजनाचा आणि शिशाचा असतो. पुढे डोकं, मधे बारीक कंबर आणि मागे पोकळ घेर, अगदी घागऱ्यासारखा. हा घेर पातळ असतो. चाप ओढला की मागून दाबाची हवा येते, घेर फुगून नळीला घट्ट बसतो आणि हवा बाजूने निसटत नाही. नळीच्या आत पीळदार खाचा असतात. त्यांच्यामुळे छर्रा भोवऱ्यासारखा फिरत बाहेर पडतो आणि सरळ जातो.

चेपला की काय बिघडतं?

1. हवा निसटते : घेर एका बाजूला चेपला असेल तर तिथून हवा गळते. एक छर्रा जोरात जातो, दुसरा मंद. मंद गेलेला खाली लागतो.

2. बाहेर पडताना धक्का बसतो : छर्रा नळीच्या तोंडातून सुटतो त्या क्षणी मागची हवा घेराभोवतीने बाहेर पडते. घेर गोल असेल तर सगळीकडून सारखी. चेपलेला असेल तर एका बाजूने आधी, आणि छर्रा तिरका होतो.

3. तोल जातो : आरीला वजन लागलेला भोवरा जसा झिंगतो, तसा चेपलेला छर्रा फिरताना हेलकावतो. अंतर वाढेल तशी चूक वाढते.

डोक्यावरच्या बारीक ओरखड्याने फारसं बिघडत नाही. नुकसान जास्त होतं ते मागच्या कडेने. जोरदार स्प्रिंगच्या बंदुकीत हवेच्या दाबाने घेराचा किरकोळ चेप कधी कधी सरळ होतो, पण त्यावर भरवसा ठेवता येत नाही.

एवढ्याशा चेपाने किती फरक पडतो?

10 मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर 10 गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. सगळ्यात जास्त गुण 10.9. त्यानंतर छर्रा मध्यापासून पाव मिलिमीटर सरकला की 0.1 गुण कमी, अडीच मिलिमीटर सरकला की पूर्ण एक गुण गेला. स्पर्धेच्या पहिल्या फेरीत असे 60 शॉट मारायचे असतात.

2008 साली बीजिंगला अभिनव बिंद्राने याच प्रकारात सुवर्णपदक जिंकलं तेव्हा दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूपेक्षा तो फक्त 0.8 गुणांनी पुढे होता. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील 2022 मध्ये कैरोत विश्वविजेता झाला तोही याच प्रकारात. या पातळीवर एक चेपलेला छर्रासुद्धा महागात पडतो.

छर्रे चेपतात कुठे?

बहुतेक वेळा दुकान ते घर या वाटेवर. डबी दुचाकीच्या डिकीत टाकली, रस्त्यात खड्डे लागले, की आतले छर्रे एकमेकांवर आपटतात. शिसं मऊ, नखानेही त्याच्यावर वळ उठतो. डबी हातातून पडणं, छर्रे खिशात सुटे ठेवणं, मूठभर टेबलावर ओतणं आणि नळीत घालताना अंगठ्याने तिरका दाबणं ही बाकीची कारणं.

घरच्या घरी तपासणी

• छर्रा उलटा धरून बॅटरीच्या उजेडात घेराची कडा बघा. कडा पूर्ण गोल हवी.
• काचेवर आडवा ठेवून हलकेच घरंगळवा. चांगला छर्रा एका वळणाने घरंगळतो. चेपलेला थबकतो किंवा उड्या मारतो.
• नळीत घालताना एखादा फारच सैल किंवा फारच घट्ट लागला तर बाजूला काढा.
• खात्री करायची असेल तर बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवून 10 मीटरवरून पाच चांगले आणि पाच चेपलेले छर्रे वेगवेगळ्या कागदांवर मारा. चेपलेल्यांची भोकं जास्त पांगलेली दिसली तर दोष छर्ऱ्याचा.

ही तपासणी केल्याशिवाय बंदुकीचा साइट फिरवत बसू नका. खराब छर्ऱ्यावर साइट जुळवला तर चांगला छर्राही चुकीच्या जागी लागतो.

काय काळजी घ्यावी?

डबीत वर फोमचा तुकडा ठेवा म्हणजे छर्रे हलत नाहीत. एक एक काढून वेगळे करा. चांगले स्पर्धेला, किंचित शंका असलेले सरावाला, चेपलेले बाजूला. चिमट्याने घेर सरळ करून तो छर्रा स्पर्धेत वापरू नका. फळीत रुतलेले जुने छर्रे उकरून पुन्हा मारायची सवय काही ठिकाणी आहे. ती पूर्ण बंद करा. त्यांचा आकार गेलेला असतो आणि त्यातले खडे नळी खराब करतात.

हे विसरू नका

शिसं विषारी आहे. छर्रे तोंडात धरू नका, सराव झाला की साबणाने हात धुवा, मगच भाकरीला बसा. छर्रा कडक वस्तूवरून उलटा येऊ शकतो, म्हणून डोळ्यांवर चष्मा आणि टार्गेटमागे छर्रा अडवणारी पेटी हवीच. लहान मुलांच्या हाती मोठ्यांच्या देखरेखीशिवाय एअरगन देऊ नका.

आणि होटगी तलावावर येणारे पक्षी हे टार्गेट नव्हेत. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार वन्य पक्ष्यांची शिकार हा गुन्हा आहे, मग ती एअरगनने का होईना. नेम लावायचा तो कागदावर, आणि तोही नीट निरखून घेतलेल्या छर्ऱ्याने.