कोयींचा कोळसा आणि निर्मळ पाणी

फळ खाल्ल्यावर कोय उकिरड्यावर जाते आणि खोबरे काढल्यावर करवंटी चुलीत. परंतु या टाकाऊ वस्तूंनी पाण्याच्या शुद्धीकरणाच्या इतिहासात मानाचे स्थान मिळविले आहे.

निवळीच्या फळाची बी उगाळून गढूळ पाण्यात मिसळावी व गाळ तळाशी बसू द्यावा, ही रीत भारतात फार जुनी. निवळीचे नुसते नाव घेतल्याने पाणी निवळत नाही, असा दाखला मनुस्मृतीतही आढळतो. युरोपात या शोधाला निराळी वाट फुटली. १७८५ साली सेंट पीटर्सबर्ग येथील रसायनज्ञ योहान टोबियास लोविट्झ याच्या ध्यानात आले की, द्रवातील रंग लाकडी कोळसा ओढून घेतो. पुढे त्याने कुजट पाण्याची दुर्गंधीही कोळशानेच घालविली.

या गुणाची खरी किंमत जगाला कळली ती मात्र रणभूमीवर. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने क्लोरीन वायू सोडला. विषारी वायू अडविणाऱ्या मुखवट्यांसाठी घट्ट व सूक्ष्म छिद्रांचा कोळसा हवा होता. करवंटीचा कोळसा त्यास उत्तम ठरला. पण करवंट्या अपुऱ्या पडू लागल्या. तेव्हा १९१८ साली अमेरिकेत पीच फळाच्या कोयी साठवून देण्याचे आवाहन झाले. एका मुखवट्यास सुमारे २०० कोयी लागत. त्या गोळा करण्यात शाळकरी मुलेही मागे राहिली नाहीत.

युद्ध संपले आणि हा कोळसा पाण्याच्या सेवेस लागला. न्यू जर्सी राज्यातील जर्सी सिटीत १९०८ पासून जंतुनाशासाठी पाण्यात क्लोरीनचा वापर होत होता. त्याच राज्यात १९३० च्या सुमारास पाण्याची वाईट चव व वास घालविण्यासाठी कोळशाची पूड वापरली जाऊ लागली. रणांगणावर एकमेकांसमोर उभे ठाकलेले क्लोरीन आणि कोळसा येथे सहकारी झाले.

आजही घरोघरच्या जलशोधकांत करवंटीचा कोळसा असतो. उष्ण वाफेने त्यात असंख्य छिद्रे पाडलेली असतात व अनेक दूषित द्रव्ये त्यांच्या पृष्ठभागाला चिकटून राहतात. परंतु तो जंतूंचा नाश करीत नाही. शिवाय छिद्रे भरली की त्याची शक्तीही संपते. वेळेवर न बदललेला कोळसा म्हणजे निवळीचे नुसते नाव!