वंगणाची नळी

दिवाळी हा तेलाचा सण आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण अंगाला तेल माखून न्हातो, दाराशी तेलाच्या पणत्या लावतो आणि चकल्या-करंज्यांच्या पायी महिन्याचे तेल चार दिवसांत संपवतो. तेव्हा दिवाळीच्या अंकात तेलाविषयी चार शब्द लिहिले तर वाचक रागावणार नाहीत, असा माझा भरवसा आहे. मात्र हे तेल खाण्याचे नव्हे आणि माखण्याचेही नव्हे. हे मोटारीच्या इंजिनातले तेल. आणि गेल्या दिवाळीच्या आधीच्या रविवारी, वयाच्या ६८ व्या वर्षी, ते मी जन्मात प्रथमच आपल्या हाताने बदलले.

आमची मोटार म्हणजे एक जुनी मारुती ८००. दसऱ्याला आम्ही तिला झेंडूची माळ घालतो, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढतो आणि पेढा ठेवतो. परंतु त्या बॉनेटच्या खाली काय आहे, हे पाहण्याची तसदी मी एकोणीस वर्षांत घेतली नव्हती. ते काम कोपऱ्यावरच्या गॅरेजातल्या माणसाचे. त्या वर्षी तो दिवाळीसाठी लवकर गावी गेला, आणि आम्हाला तर लेकीकडे कोल्हापूरला जायचे होते. इंजिनियरिंग शिकणारी माझी नात तेलाची सळई ओढून म्हणाली, "आजोबा, हे तेल नाही, काजळ आहे. आपणच बदलू या. मी सांगते तसे करा."

मी जन्मभर दुसऱ्यांना 'सांगतो तसे करा' म्हणत आलेला शाळामास्तर. तरी मुकाट्याने बाह्या सरसावल्या. पाच मिनिटे इंजिन चालवून तेल कोमट केले, म्हणजे ते सुरळीत उतरते. हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना विटा लावल्या आणि पुढची बाजू जॅकने उचलून खाली भक्कम लोखंडी तिवया दिल्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरायचे नाही, ही नातीची पहिली आज्ञा होती. मग मी पाठीवर निजून आत सरकलो, जुने घमेले खाली धरले आणि पान्ह्याने बोल्ट सैल केला. शेवटचे दोन आटे बोटांनी फिरवीत असताना बोल्ट सुटला, तेलाची काळी धार मनगटावरून कोपरापर्यंत आली आणि बोल्ट घमेल्यात बुडाला. तेलही गेले, तूपही गेले, अशी अवस्था! दारातून आमची ही म्हणाली, "यंदा अभ्यंगस्नान आठ दिवस आधीच झाले म्हणायचे."

बोल्ट चाचपून काढला, पुसला, नवे वायसर घालून बसवला. फिल्टर, म्हणजे तेलाची गाळणी, फिरवून काढली आणि नव्या फिल्टरच्या रबरी कड्याला बोटाने नवे तेल चोळले. सुमारे तीन लिटर मधासारखे तेल थोडे थोडे ओतून सळईवरची खूण गाठली. इंजिन चालू केले, समोरचा तांबडा दिवा विझला, खाली थेंब पडला नाही. नातीने सहीशिक्क्याच्या थाटात मान डोलावली. मी मात्र हात हुंगत उभा होतो. तो वास माझ्या ओळखीचा होता.

माझे आजोबा बैलगाडीवाले. गाडीच्या खाली, मागे, एक बांबूची नळी टांगलेली असे. तीत वंगण असे, चिंधीत भिजलेले, काळेकुट्ट. वाटेत चाक कुरकुरू लागले की आजोबा खाली उतरत आणि कण्याला वंगण देत. पोळ्याच्या आदल्या दिवशी ते बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळीत, खांदेमळणी ती. कणा आणि खांदा, दोन्ही घासणाऱ्या वस्तू, आणि दोहोंची काळजी एकाच माणसाने एकाच हाताने घ्यायची, हे त्यांना सांगावे लागले नव्हते. मोठ्या गाडीवानांच्या घरी मात्र या कामाला पोऱ्या असे. नळी धुरकट, हात घाण होणार. तेव्हा काम धाकट्याचे, नाहीतर दुसऱ्याचे.

पस्तीस वर्षे मी शाळेत इतिहास शिकवला; लढाया शिकवल्या, सनावळ्या पाठ करून घेतल्या. त्या रविवारी माझ्या मनात आले की, या इतिहासात वंगण घालणारा माणूस कोठे आहे? मग शोधू लागलो, आणि तो भेटला तो थेट ईजिप्तमध्ये.

देर अल्-बर्शा येथे जेहुतीहोतेप नावाच्या सरदाराचे थडगे आहे, इ. स. पूर्व १९०० च्या सुमाराचे. त्याच्या भिंतीवरील चित्रात सरदाराचा एक अवाढव्य पुतळा घसरगाड्यावर बांधलेला आहे आणि १७२ माणसे चार रांगांनी दोर ओढीत आहेत. पुतळ्याच्या पायांपाशी एक माणूस उभा राहून घसरगाड्यापुढे भांड्यातून काहीतरी ओततो आहे. पुष्कळ काळ विद्वान म्हणत, हा काही धार्मिक विधी असावा. २०१४ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या पदार्थवैज्ञानिकांनी वाळूवर प्रयोग केले तेव्हा दिसले की, वाळू बेताची ओली केली तर ओढण्याचा जोर निम्म्यावर येतो. म्हणजे तो एकटा माणूस १७२ जणांचे अर्धे कष्ट वाचवीत असला पाहिजे! थडग्यावर नाव सरदाराचे. ओतणाऱ्याची मात्र पूजाच समजली गेली.

दुसरा भेटला तो अमेरिकेत. एलायजा मॅकॉय याचे आईबाप केंटकीतल्या गुलामगिरीतून निसटून कॅनडात आले होते. त्यांनी पोराला यंत्रविद्या शिकण्यासाठी स्कॉटलंडात, एडिंबरोला धाडले. शिकून अमेरिकेत परतला तो गृहस्थ काळा म्हणून त्याला इंजिनियरचे काम मिळेना. मिशिगन सेंट्रल रेल्वेवर कोळसा घालणे आणि यंत्रांना तेल देणे, एवढेच मिळाले. त्या काळी तेल देण्यासाठी यंत्र वारंवार थांबवावे लागे. मॅकॉय हे काम हीन मानून कुढत बसला नाही. इंजिन चालू असतानाच बेताबेताने तेल सोडणारी कुपी त्याने तयार केली आणि १८७२ साली तिचे पेटंट घेतले. ज्याच्या हाताला तेल लागले होते, त्यालाच तेलाची अडचण कळली. पदवीने शिकवले नसते ते तेलाच्या बुधलीने शिकवले.

तिसरी कथा इंग्लंडातील आहे आणि ती तर मोठी मौजेची. तेल नेमके करते तरी काय? सर्वांची समजूत अशी की, ते लोखंडाला गुळगुळीत करते. यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेसाठी बीचम टॉवर याने रेल्वेच्या कण्यांवर प्रयोग चालवले होते. त्यांचा अहवाल १८८३ चा. कण्यावरच्या धारव्याला वरून तेल सोडण्यासाठी त्याने एक भोक पाडले, तर तेल खाली जाण्याऐवजी भोकातून वर येऊ लागले. त्याने बूच मारले, ते बाहेर. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर. शेवटी दाब मोजायचे यंत्र लावले, तर काटा दर चौरस इंचाला २०० पौंडांच्या पलीकडे! वरचा सरासरी भार त्याच्या निम्माच होता. म्हणजे फिरणारा कणा तेलाला स्वतःबरोबर ओढून पाचरीसारखे आत दाबीत होता आणि सारा भार लोखंडावर नव्हे, तर त्या पातळ पापुद्र्यावर उभा होता. ऑसबोर्न रेनॉल्ड्स याने १८८६ साली त्याचे गणित मांडले. कार्ल बेंझने आपल्या मोटारगाडीचे पेटंट मागितले तेही त्याच वर्षी. तात्पर्य, आपण मोटारीत बसतो तेव्हा आतले लोखंड लोखंडावर फिरत नसते. केसाहून पातळ अशा तेलावर तरंगत असते.

या तेलात आपल्या एरंडेलाचाही मान आहे. लहानपणी नाक दाबून जे आपल्याला पाजले गेले तेच पहिल्या महायुद्धातल्या विमानांत होते. त्यांतली कित्येक इंजिने स्वतःच गरगर फिरणारी; एरंडेल पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही म्हणून तेच घालीत, आणि वापरलेले तेल धुराबरोबर बाहेर फेकले जाई. ते वैमानिकाच्या नाकातोंडात जाई आणि बिचाऱ्याला आकाशात शत्रूखेरीज पोटाचीही धास्ती. कॅस्ट्रॉल हे नाव १९०९ साली या एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच पडले.

मोटारवाल्याला त्या काळी हात घाण केल्यावाचून गत्यंतर नव्हते. १९०८ साली निघालेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत आजच्यासारखी सळई नव्हती. खाली वाकून दोन छोट्या तोट्या उघडायच्या, वरचीतून तेल आले नाही आणि खालचीतून आले म्हणजे पातळी समजायची. गाळणीही नव्हती. १९२३ साली अमेरिकेत स्वीटलंड आणि ग्रीनहाल्श यांनी तेलाच्या गाळणीचे पेटंट मागितले, आणि पुढच्या वर्षी ती क्रायस्लरच्या मोटारीत बसली. मग तेल दिवसेंदिवस सुधारले. त्यात मळ धरून ठेवणारी द्रव्ये आली. आपण काळे तेल पाहून नाक मुरडतो, पण ते काळे झाले याचा अर्थ पुष्कळदा असा की, काजळी इंजिनाला चिकटू न देता त्याने स्वतःकडे घेतली. आता कित्येक गाड्या दहा हजार किलोमीटर एकाच तेलावर धावतात. सोय वाढली आणि तोट्यांपुढे वाकणारा मालक हळूहळू मागच्या आसनावर जाऊन बसला. तसाच मीही.

असो. घमेल्यातल्या तेलाचे काय झाले, ते सांगायचे राहिले. आणि खरे सांगायचे ते तेच.

माझ्या वडिलांनी बैलगाडी मोडली आणि विहिरीवर डिझेल इंजिन बसवले. पुण्याजवळ खडकीला किर्लोस्करांचा इंजिनांचा उद्योग १९४६ साली सुरू झाला, आणि पुढे गावोगावच्या मोटा अशा इंजिनांनी थांबवल्या. वडील इंजिनाचे तेल स्वतः बदलीत. ते माणूस जपणारे आणि यंत्र जपणारे होते. परंतु काळे तेल ते विहिरीमागच्या खड्ड्यात ओतीत. तसे सगळेच करीत. पनामाचा कालवा खोदताना डासांच्या नायनाटासाठी डबक्यांवर तेल पसरण्याची मोहीम साऱ्या जगाने वाखाणली होती. मग खड्ड्यातल्या तेलाला कोण वाईट म्हणणार? पण एका पावसाळ्यात आमच्या विहिरीच्या पाण्यावर इंद्रधनुष्याचे रंग तरंगू लागले. आम्ही मुले टाळ्या पिटीत होतो. आईने घागर भरली, हुंगली आणि काही न बोलता उपडी केली. त्यानंतर कित्येक महिने ती दीड फर्लांगावरून पाणी आणीत होती. ते तेल कोणाचे, हे घरात कोणी उच्चारले नाही.

मनगटावरचा वास तो होता.

आज आपल्याला ठाऊक आहे की, वापरलेले तेल विषारी असते, थोडेसेही पुष्कळ पाणी नासवते. घातक कचऱ्याचे नियम आपल्याकडे १९८९ पासून आहेत. जुने तेल परत गोळा करून शुद्ध करवण्याची जबाबदारी १ एप्रिल २०२४ पासून तेल तयार करणाऱ्यांवरही घातली आहे. तेल झिजून संपत नाही, मळते. धुऊन घेतले तर पुन्हा तेलच होते. तेव्हा आम्ही घमेल्यातले तेल नव्या तेलाच्याच रिकाम्या डब्यात भरले, झाकण घट्ट लावले आणि माळ्यावर ठेवले.

भाऊबीजेनंतर गॅरेजातला माणूस गावाहून आला. मी डबा घेऊन गेलो आणि विचारले, "तुमच्याकडचे हे तेल पुढे कोठे जाते हो?" तो म्हणाला, "सर, पिंप भरले की टेम्पोवाला नेतो. पुढचे कधी कोणी विचारले नाही." एकोणीस वर्षे मीही विचारले नव्हते. मग आम्ही दोघांनी टेम्पोवाल्याला परवाना मागितला. पहिल्याजवळ तो नव्हता. दुसरा घेऊन आला, आम्ही तो वाचला आणि मगच पिंप व माझा डबा त्याच्या हवाली केला.

यंदाच्या दसऱ्याला आम्ही मोटारीची पूजा केली ती बॉनेट उघडून. आजोबांची वंगणाची नळी गावच्या घरातून मी मागवून घेतली होती. नातीने तिलाही दोन झेंडूची फुले वाहिली. दिवाळीआधी तेल बदलायचे आहे. या वेळी गाडीखाली ती शिरणार आहे, आणि घमेले धरण्याचे काम माझ्याकडे आले आहे.