मूल काढून घेण्याआधी

नाशिकच्या द्वारका चौकात भर उन्हात हात पसरणारं पोर दिसलं, की शेजारचा कुणी हमखास म्हणतो, "असल्या आईबापांकडून मुलं काढूनच घ्यावीत." मी मान डोलावत नाही, कारण या 'काढून घेण्या'मागे मोठा इतिहास आहे.

१८९०च्या पालक व पाल्य कायद्यानं बापाचा हक्क जवळजवळ अढळ मानला. तो नालायक ठरल्याखेरीज न्यायालय दुसरा पालक नेमत नसे. मुंबई इलाख्याच्या १९२४च्या बालक कायद्यानं दृष्टी बदलली. हेळसांड झालेलं मूल संस्थेत किंवा योग्य व्यक्तीकडे सोपवता येऊ लागलं. आता २०१५च्या बाल न्याय कायद्यानुसार हे काम बालकल्याण समिती पाहते. आईबापांनी आपणहून मूल सोपवलं, तरी फेरविचाराला दोन महिने मिळतात. पुढे मूल दत्तक गेलं, की जन्मदात्यांशी कायद्याचं नातं कायमचं संपतं.

म्हणूनच हा कायदा कुटुंबाला पहिला मान देतो, संस्थेला शेवटचा. मारहाण, अत्याचार असेल तर मूल तातडीनं हलवावंच. पण नुसतं दारिद्र्य म्हणजे हेळसांड नव्हे. मजुरीला जाणाऱ्या आईला पाळणाघर मिळालं, तर कित्येक मुलं तिच्याच कुशीत वाढतील.