कू

राज्यकर्त्यांना उलथून टाकण्याच्या कृतीसाठी इंग्रजीने फ्रेंचमधून घेतलेला ‘कू’ हा शब्द ‘कू देता’ म्हणजे ‘राज्यसत्तेचा तडाखा’ या पदबंधाचे लघुरूप असून, त्याचे मूळ ग्रीक ‘कोलाफोस’ (मुठीचा ठोसा) या शब्दात सापडते. त्यापासून बनलेल्या ‘कूपे’ (कापणे) या फ्रेंच क्रियापदाचेच वंशज रेशनचे कूपन आणि रेल्वेचा दोन शायिकांचा कूपे होत. गाब्रिएल नोदे याच्या १६३९च्या ग्रंथात हा तडाखा राजाच देतो, राज्यहितासाठी नियम बाजूला सारून. राजालाच तडाखा बसण्याचा अर्थ पुढे, विशेषतः नेपोलियनच्या १७९९च्या सत्ताग्रहणानंतर, रूढ झाला.

नांदेड-लातूरकडे हैदराबाद संस्थानावरील सप्टेंबर १९४८च्या भारतीय सैनिकी कारवाईला ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतात आणि तिला कू म्हणणे चुकीचेच ठरेल, कारण कू आतून होतो, तर येथे फौज बाहेरून आली. शिवाय संस्थानचे पंतप्रधान लायक अली यांचे मंत्रिमंडळ गेले तरी निजाम राहिला व १९५० ते १९५६ राजप्रमुखही झाला. कूच्या अधिक जवळ जाते ती ऑक्टोबर १९४७च्या अखेरची घटना: लातुरात वकिली केलेल्या कासिम रझवीच्या इत्तेहाद-उल-मुसलमीन या संघटनेच्या जमावाने हैदराबादेत तत्कालीन पंतप्रधान छतारींच्या घराला वेढा घातला, दिल्लीला निघालेले निजामाचे शिष्टमंडळ अडले आणि छतारी पायउतार झाले. कूसाठीचा हिंदी शब्द ‘तख्तापलट’ मात्र नांदेडात थोडा अडखळतो, कारण तेथे ‘तख्त’ म्हटले की आधी शिखांचा सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाराच आठवतो.