टाकी न लागलेली नक्षी

माझे आजोबा पाथरवट. साताऱ्याकडच्या काळ्या पाषाणाची जाती, पाटे, तुळशीवृंदावनं त्यांनी जन्मभर घडवली. दगड निवडताना ते आधी हातोडीने वाजवून बघत. आवाज बद्द आला किंवा अंगावर रेघ, डाग दिसला, की तो बाजूला. त्यामुळे विनिपेगला आल्यावर मॅनिटोबाच्या विधानभवनाची भिंत पाहून मी थबकलेच. एकेक चिरा डागांनी भरलेला!

हा टिंडल दगड. खाण खरी गार्सन गावची, शहराच्या ईशान्येला. पण माल टिंडल स्टेशनावरून रेल्वेत चढायचा, म्हणून तेच नाव चिकटलं. त्याच्याही आधी, १८३०च्या दशकात, लोअर फोर्ट गॅरीसाठी याच जातीचा दगड रेड नदीच्या काठावरून काढला होता. पुढे १९१२मध्ये रेजायनाचं विधानभवन झालं, १९२०मध्ये विनिपेगचं. त्या बांधकामातल्या घोटाळ्यापायी १९१५मध्ये प्रीमियर रॉब्लिन यांना पायउतार व्हावं लागलं. मला त्यापेक्षा भिंतीचीच गोष्ट मोठी वाटते.

सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वी, ऑर्डोव्हिशियन काळात, हा बर्फाळ मुलूख विषुववृत्तापाशी होता आणि त्यावर उथळ, कोमट समुद्र पसरला होता. तळाच्या चुनखडीच्या गाळात कुठल्याशा जिवांनी बिळं कोरली, एकात एक गुंतलेली. बिळांतल्या गाळाचं कालांतराने डोलोमाइट झालं आणि तो गडद दिसू लागला. भोवतालची चुनखडी फिकी राहिली. आजोबांनी ज्याला खोट म्हटलं असतं, त्या बिळांसाठीच इथे हा दगड निवडतात.

आमचा पाषाण लाव्हा थिजून झालेला, त्यात शंखशिंपले कुठून येणार? इथे आतल्या भिंतीत बांबूसारख्या पेरांची सरळ नळी दिसते. ती माकूळ-ऑक्टोपसच्या पूर्वकाळच्या भाऊबंदांची. सूर्यफुलासारखी जाळी दिसते, तिला लोक प्रवाळ म्हणतात, पण ती प्रवाळ नव्हे. साखळीसारखे असतात ते मात्र खरे प्रवाळ.

गेल्या उन्हाळ्यात आई आली होती. पाथरवटाची लेक ती. भिंतीशी गेली, कान लावला, बोटाच्या पेरांनी ठोकून पाहिलं.

"वाजतो गं छान," म्हणाली, आणि एका मोठ्या गोगलगाईच्या शंखाच्या वळणावरून कितीतरी वेळ बोट फिरवत राहिली.