बाष्पित्र-भट्टीचे अस्तर
बाष्पित्राच्या (बॉयलरच्या) भट्टीच्या भिंतींना आतून दिलेला उच्चतापसह पदार्थांचा थर. ज्वाळा भट्टीत कोंडणे, उष्णतेचा व्यय कमी करणे व बाहेरील पोलादी आवरणाचे रक्षण करणे ही अस्तराची कार्ये होत. त्याच्या तापातिरेकावरील उपायांचा इतिहास म्हणजे अधिक ताप सोसणाऱ्या विटेच्या शोधाकडून भिंतच थंड राखण्याकडे झालेली वाटचाल होय.

हाताने कोळसा टाकण्याच्या काळात अग्निसह मातीच्या विटा बहुधा पुरेशा पडत. जॉर्ज बॅबकॉक व स्टीफन विलकॉक्स यांनी १८६७ मध्ये जलनलिका बाष्पित्राचे एकस्व मिळविले. पुढे बाष्पित्रांची क्षमता व भट्टीतील तापमान वाढत गेले. अमेरिकेतील मिलवॉकी येथील ओनायडा स्ट्रीट वीजकेंद्रात १९१८ मध्ये कोळशाच्या भुकटीच्या ज्वलनाचे प्रयोग झाले. १९२१ मध्ये त्याच शहराचे लेकसाइड केंद्र भुकटीवर चालू झाले.

भुकटीच्या प्रखर ज्वाळेत राख वितळते. ती विटेवर बसली म्हणजे दोहोंच्या रासायनिक विक्रियेने विटेपेक्षा कमी तापमानास वितळणारे मिश्रण बनते आणि भिंत झिजू लागते. वारंवार तापण्या-निवण्याने विटेचे पापुद्रे सुटतात. प्रसरणासाठी फटी न ठेवल्यास भिंत फुगते. केवळ वीट बदलून हे दोष टळत नाहीत, हे अनुभवाने दिसून आले.

म्हणून प्रथम पोकळ भिंतींतून हवा खेळविण्यात आली. १९२० नंतरच्या दशकात भिंतीलगत पाण्याच्या नलिका उभारण्याची पद्धत रूढ झाली. त्यामुळे भिंतीवरील उष्णता वाया न जाता वाफ तयार करण्यास उपयोगी पडू लागली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नलिका परस्परांना पोलादी पट्ट्यांनी जोडून वायुरोधी भिंती करण्यात येऊ लागल्या व विटांचा वापर पुष्कळ घटला. मात्र तापातिरेकाचा धोका आता नलिकेकडे वळला. आत क्षारांचा थर साचल्यास नलिकेची उष्णता पाण्यास मिळत नाही व ती फुटू शकते. त्यामुळे पाण्याच्या शुद्धीकरणास महत्त्व आले.

अस्तर मात्र नाहीसे झालेले नाही. साखर कारखान्यांत जळणाऱ्या उसाच्या चिपाडात सुमारे निम्मे पाणी असते. ते सुकवून पेटते ठेवण्यास तापलेली वीटभिंत साहाय्यभूत होते. अशा भट्टीचे आवरण बाहेरून तापल्यास त्यावर उष्णतानिरोधक चढविणे घातक ठरते; कारण उष्णता अडून आवरण व अस्तर दोन्ही अधिक तापतात. अशा वेळी आतील भेग किंवा झीज शोधून दुरुस्त करावी लागते. नवे अस्तर सावकाश तापवून वाळविणेही आवश्यक असते. एरवी आत कोंडलेल्या ओलाव्याची वाफ होऊन ते उखडते.