फाळाची झीज : धाराशिव जिल्ह्यातील लोखंडी नांगराच्या इतिहासाचा एक दुर्लक्षित पैलू

प्रस्तावना

मराठवाड्यातील शेतीच्या इतिहासावर जे लेखन झाले आहे, त्यात जमीनधारणा, सारापद्धती, दुष्काळ व सहकार यांचा ऊहापोह विपुल आढळतो. अवजारांचा उल्लेख मात्र बहुधा एका वाक्यात आटोपतो : लाकडी नांगर गेला, लोखंडी आला. प्रस्तुत लेखात धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याच्या संदर्भात नांगराच्या केवळ एका भागाचा, म्हणजे फाळाचा विचार केला आहे. फाळ हा जमिनीशी सतत घासणारा आणि म्हणून झिजणारा भाग होय. तो किती झिजतो आणि झिजल्यावर कोण दुरुस्त करतो, या दोन प्रश्नांत गावगाड्यातील एक स्थित्यंतर दडलेले आहे.

जमीन आणि लोहाराचा फाळ

जिल्ह्यातील जमीन बेसाल्ट खडकापासून बनलेली आहे. तेरणा, मांजरा व सीना यांच्या खोऱ्यांतील खोल काळ्या जमिनीतील चिकणमातीचे कण लोखंडापेक्षा पुष्कळ मऊ असतात. बालाघाटच्या पठारावरील उथळ, बरड जमिनीत मात्र मुरूम, दगड आणि गारगोटीचे तुकडे मिसळलेले असतात. मोह्सच्या कठिनता श्रेणीत गारगोटी ७ वर, तर साधे लोखंड ४ च्या आसपास येते. कठीण कण मऊ धातूवरून दाबाखाली सरकला की चर पाडतो व धातू खरवडून नेतो. या क्रियेस अपघर्षण म्हणतात. म्हणूनच काळ्या रानात दीर्घकाळ टिकणारा फाळ माळावर लवकर बोथट होतो.

लाकडी नांगराचा फाळ घडीव लोखंडाचा असे. तो बोथट झाला की लोहार भट्टीत तापवी आणि ठोकून पुन्हा टोक काढी. या लोखंडात कार्बन अत्यल्प असल्याने त्याला पाणी देऊनही फारसा कठीणपणा येत नाही. थंड होत आलेल्या लोखंडावर घाव घातल्याने ते कठीण होते हे खरे. परंतु त्याने फाळाचे आयुष्य वाढते काय? सोव्हिएत संशोधक मिखाईल ख्रुश्चोव यांनी १९५० च्या दशकात केलेल्या प्रयोगांचे उत्तर नकारार्थी आहे. शुद्ध धातूंत अपघर्षणास होणारा विरोध कठिनतेच्या प्रमाणात वाढतो. उष्णोपचार केलेल्या पोलादात तो वाढतो, पण कमी वेगाने. आणि थंड अवस्थेत ठोकून आणलेल्या कठिनतेने तो जवळजवळ वाढतच नाही. कारण घासणारा कण स्वतःच पृष्ठभागाला ठोकून कठीण करीत असतो. आधीच्या घावांचा लाभ तेथे उरत नाही.

तेव्हा फाळाची झीज लोहाराच्या कौशल्याने टळणारी नव्हती. ती वारंवार भरून काढावी लागे. बलुतेपद्धतीत हा भार कोणावर होता, हे लक्षणीय आहे. लोखंड बहुधा शेतकऱ्याचे आणि श्रम लोहाराचे. मोबदला सुगीच्या वेळी धान्यात, वर्षाचा मिळून. फाळ किती वेळा भट्टीत गेला याचा हिशेब नसे. म्हणजे बरड जमिनीच्या गावातील लोहार तेवढ्याच बलुत्यात अधिक राबत असणार. गावोगाव फिरून लोहारकाम करणाऱ्या घिसाडी समाजाचे नावही ‘घिसणे’ म्हणजे घासणे या क्रियापदावरून आले, अशी व्युत्पत्ती सांगितली जाते.

ओतीव फाळ

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगाव येथे लोखंडी नांगर तयार केला तो १९०३ च्या सुमारास. लोखंडाने जमिनीत विष पसरेल, या शेतकऱ्यांच्या शंकेची कथा सर्वश्रुत आहे. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, तरी १८९७ मध्ये बार्शीपर्यंत आलेली बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये येडशी, ढोकीमार्गे लातूरला पोहोचली होती. जड ओतीव माल आणणे त्यामुळे सुकर झाले असावे. हरळी व कुंदा यांनी ग्रासलेल्या काळ्या रानात खोल नांगरटीची गरजही होतीच.

अशा नांगरांचे फाळ दोन प्रकारचे असत : पोलादी, अथवा बिडाचे (येथे बीड म्हणजे ओतीव लोखंड, शेजारचा जिल्हा नव्हे). बिडाच्या फाळामागील युक्ती इंग्लंडमधील रॉबर्ट रॅन्सम यांची. त्यांनी १८०३ मध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीत ओतताना फाळाची खालची बाजू झटकन थंड केली जाई. त्या बाजूस कार्बन लोहकार्बाइडच्या रूपात बांधला जाऊन ती अतिशय कठीण होई. वरची बाजू मऊ राही. मऊ बाजू आधी झिजल्याने धार आपोआप टिकून राही. झीज टाळण्याऐवजी तिलाच कामाला लावणारी ही कल्पना प्रस्तुत लेखकास त्या काळातील सर्वांत चतुर कल्पनांपैकी एक वाटते.

पण या फाळाचा दुसरा गुणधर्म गावासाठी अधिक परिणामकारक होता. तो ठिसूळ असल्याने ऐरणीवर ठोकता येत नाही. घाव बसला की तुटतो. झिजलेला बिडाचा फाळ लोहाराकडे नेण्यात अर्थ नव्हता. नवा फाळ बाजारातून, रोख पैसे देऊन आणावा लागे. पूर्वी धान्याच्या ठरावीक वाट्यात मिटणारी झीज आता शेतकऱ्याच्या रोख खर्चात आली. बलुतेदारीच्या ऱ्हासाची कारणे अनेक आहेत व ती येथे नाकारावयाची नाहीत. परंतु लोहाराच्या बाबतीत धातूच्या सूक्ष्मरचनेचाही त्यात वाटा आहे, याची नोंद आपल्या सामाजिक इतिहासाने घेतलेली दिसत नाही.

ट्रॅक्टरच्या नांगरास आता उष्णोपचारित पोलादाचे, बऱ्याचदा बोरॉनयुक्त, फाळ येतात. झिजलेल्या टोकावर वेल्डिंगने कठीण मिश्रधातूचा थर चढवितात. क्रोमियम कार्बाइडचा असा थर मातीत चांगला टिकतो, पण दगडावर आपटला की त्याचे टवके उडतात. माळावर चिवट पोलादच बरे.

झिजलेल्या फाळाचा आकार, त्यावरील ओरखडे आणि धातूची कठिनता ही तीनही मोजता येण्याजोगी साधने आहेत. गावाचे नाव व जमिनीचा प्रकार नोंदवून असे फाळ जमविल्यास लोहाराच्या श्रमाचा अंदाज कागदपत्रांवाचूनही बांधता येईल. इतिहास व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी हे काम एकत्र करावयाचे, तर वाड्यांच्या कोपऱ्यात पडलेले जुने फाळ भंगारात जाण्यापूर्वीच ते हाती घ्यावे लागेल.